कोल्हापुरात बसून यहुदी कॅलेंडर ऑनलाइन कसं बघायचं, आणि तारीख-वेळ चुकतेय असं वाटलं तर काय तपासायचं

माझे बाबा १४ मार्च २०१९ ला गेले, गुरुवार होता, संध्याकाळचे साडेसात. पुढच्या वर्षी तिथी काढायला मी इंग्रजी तारखेची यहुदी तारीख काढून देणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये १४ मार्च टाकलं, ७ दुसरा अदार असं उत्तर आलं (अदार हा यहुदी महिना, काही वर्षी दोनदा येतो), तेच सगळ्या नातेवाइकांना कळवलं आणि दिवा लावला. मग अलिबागहून आत्याचा फोन आला, "अगं दिवेलागण होऊन गेली होती की तेव्हा, मग तारीख पुढची नाही का धरायची?" बरोबर होतं तिचं. आपल्या यहुदी कॅलेंडरात दिवस सूर्यास्ताला बदलतो, मार्चच्या मध्यात कोल्हापुरात सूर्य ६:४२ च्या आसपास मावळतो, म्हणजे साडेसातला ८ तारीख लागून गेली होती. बाबांची तिथी ८ अदार, आणि मी दिवा लावला होता एक दिवस आधी. अजून लागतं ते मनाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

मुंबईत, अलिबागला किंवा पेणला सिनेगॉग जवळ असतं, छापील कॅलेंडर मिळतं, हजानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारता येतं. इथे कोल्हापुरात आपली घरं बोटावर मोजण्याएवढी, प्रार्थनेला जायचं तर पुण्याच्या सिनेगॉगमध्ये, लाल देऊळ नाहीतर रास्ता पेठ. त्यामुळे आपला सगळा भार मोबाईलवर. मी हेबकॅल ही यहुदी कॅलेंडरची साइट वापरते, फुकट आहे आणि सेटिंग भरपूर आहेत, काहीजण खबाद या यहुदी संस्थेची साइट बघतात, तीही चालते. पुढे जे सांगतेय ते बहुतेक कुठल्याही साइटला लागू पडेल, बटणांच्या जागा तेवढ्या बदलतील.

तारीख काढताना कन्व्हर्टरमध्ये "सूर्यास्तानंतर" असा एक छोटा चौकोन असतो, लोकांच्या नजरेतून सुटतो तो. जन्म किंवा मृत्यू संध्याकाळचा असेल तर आधी त्या दिवशीचा त्या गावचा सूर्यास्त बघा आणि मगच टिक करायचं का ते ठरवा. सूर्य मावळलाय पण अजून अंधार पडला नाही अशा मधल्या वेळेतलं असेल तर मात्र साइटवर सोडू नका, हजानना विचारा. आणि महत्त्वाचं म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते, वेळ हॉस्पिटलच्या कागदावर असते. तो कागद फाडून टाकू नका, फोटो काढून ठेवा, कारण दहा वर्षांनी "दुपारी गेले की संध्याकाळी" हे घरात कुणालाच खात्रीने सांगता येत नाही.

साइट बरोबर चाललीय का हे बघायला मी एक ठरलेली तारीख टाकते. ११ सप्टेंबर २०२६, "सूर्यास्तानंतर"वर टिक करून. १ तिश्री ५७८७ यायला पाहिजे, म्हणजे आपल्या नव्या वर्षाचा पहिला दिवस, नव्याचा सण. २९ एलूल ५७८६, म्हणजे त्याचा आदला दिवस, आला तर टिक करायची राहिलीय. आणि भलतंच काहीतरी आलं, नोव्हेंबरमधलं वगैरे, तर साइट अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरतेय, ११/९ ला ती ९ नोव्हेंबर समजली.

आता अदारचा घोळ, यात सगळ्यात जास्त लोक अडकतात. आपल्याला अधिक महिना नवीन नाही, शेजारपाजारी दर दोन-तीन वर्षांनी जावयाला वाण देतातच की, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. यहुदी कॅलेंडरमध्येही १९ वर्षांत ७ वेळा महिना वाढतो, फरक एवढाच की पंचांगात अधिक महिना दर वेळी वेगळा येऊ शकतो आणि आपल्याकडे नेहमी अदारच दोनदा येतो. ५७८६ साधं वर्ष, ५७८७ वाढीव महिन्याचं. बाबा दुसऱ्या अदारमध्ये गेले, मग साध्या वर्षी त्यांची तिथी एकुलत्या एका अदारमध्ये, म्हणजे २०२६ ला २५ फेब्रुवारी, दिवा २४ च्या संध्याकाळी. २०२७ ला दोन अदार आहेत म्हणून तिथी दुसऱ्यात, १७ मार्च, दिवा १६ ला. तारीख एवढी पुढे सरकलेली बघून साइट बिघडली असं समजू नका. खरा प्रश्न उलट्या बाजूने येतो, माणूस साध्या वर्षाच्या अदारमध्ये गेलं आणि पुढे दोन अदारचं वर्ष आलं तर कुठला धरायचा, यात वेगवेगळ्या समाजांचे रिवाज वेगळे आहेत आणि साइट त्यातला एक गुपचूप निवडून मोकळी होते. घरातल्या मोठ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.

हेबकॅलवर याहरझाइटचं, म्हणजे पुण्यतिथीचं, वेगळं पान आहे, तिथे नाव, तारीख आणि सूर्यास्ताआधी की नंतर एवढं भरलं की पुढच्या वीसेक वर्षांची यादी मिळते, ईमेलने आठवणही येते. यादीतली तारीख दिवसाची आहे की आदल्या संध्याकाळची ते मात्र नीट वाचून घ्या, दिवा आदल्या संध्याकाळी लावायचा असतो.

आता शुक्रवारच्या दिव्याची, म्हणजे शब्बात (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सुरू होतानाच्या दिव्याची वेळ. साइट उघडली की ती स्वतःच तुमचं गाव ओळखते, पण ते इंटरनेट कंपनीच्या पत्त्यावरून, माझ्या घरच्या ब्रॉडबँडवर कायम मुंबई येतं. बरेचजण म्हणतात मुंबई काय आणि कोल्हापूर काय, महाराष्ट्रच तो. डिसेंबरमध्ये खरंच फरक पडत नाही, मिनिटभराचा खेळ. पण जूनमध्ये कोल्हापुरात सूर्य मुंबईपेक्षा जवळजवळ १० मिनिटं आधी मावळतो, कारण आपण पूर्वेलाही आहोत आणि दक्षिणेलाही, उन्हाळ्यात दोन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात आणि थंडीत एकमेकांना खोडतात. दिवा साधारण सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावायचा, त्यातली १० मुंबईच्या वेळेने खाल्ली की हातात ८ उरली, त्यात रंकाळ्याकडून ट्रॅफिकमधून यायचं असेल तर संपलंच. म्हणून गाव स्वतः टाका. रोमन अक्षरांत कोल्हापूर टाइप करायचं आणि खाली यादी उघडेपर्यंत थांबायचं, यादीतल्या नावावर बोट ठेवायचं, नुसतं टाइप करून पुढे गेलात तर जुनंच गाव राहतं.

गगनबावडा, आजरा अशा ठिकाणी राहत असाल आणि नाव सापडत नसेल तर अक्षांश-रेखांश टाकता येतात, कोल्हापूरचे १६.७० उत्तर आणि ७४.२४ पूर्व. उलटसुलट टाकू नका, माझ्या मावसभावाने टाकले होते, तो पोहोचला नॉर्वेच्या वरच्या समुद्रात, तिथे जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, मग वेळेची जागा रिकामी आली आणि तो दोन दिवस मोबाईल बंद-चालू करत बसला.

शब्बात संपायची वेळ दोन साइटवर वेगळी दिसली तर घाबरू नका. एक साइट तीन छोटे तारे दिसण्याइतका अंधार धरते, तो कोल्हापुरात सूर्यास्तानंतर ३२ ते ३५ मिनिटांनी होतो, दुसरी सरळ ४२, ५० नाहीतर ७२ मिनिटं मोजते. घरी जी पद्धत चालत आली असेल ती सेटिंगमध्ये एकदा निवडून टाका.

इस्रायलहून आलेल्या लिंकचं तर काय सांगू. आपल्या सगळ्यांचे कुणी ना कुणी अश्दोद, लोद, दिमोनाला आहेत, प्रेमाने व्हॉट्सॲपवर कॅलेंडर पाठवतात, आपण दाबतो आणि ते आपल्या फोनमध्ये बसतं. माझ्या दादाने अश्दोदहून पाठवलेलं मी असंच घेतलं आणि जूनमधल्या एका शुक्रवारी फोन म्हणाला, दिवा लावा, रात्रीचे दहा! वेळ बरोबरच होती, पण अश्दोदची, फोनने ती अडीच तास पुढे ढकलून भारतीय वेळेत दाखवली. आणि नुसती वेळच नाही, इस्रायलचं कॅलेंडर पेसाखचा सण ७ दिवस दाखवतं, आपल्याकडे ८. २०२६ मध्ये तर शावुओतच्या सणाचा आपला दुसरा दिवस २३ मे ला शनिवारी येतो, तिकडे त्या दिवशी धर्मग्रंथातला नासो हा भाग वाचतील आणि आपण तो ३० मे ला वाचणार, मग महिनाभर दोघांचा पाठ पुढेमागे. त्यामुळे त्यांची लिंक घेऊ नका, स्वतः कोल्हापूर निवडून, इस्रायलबाहेरचे सण असा पर्याय ठेवून, आपली लिंक बनवा.

ती लिंक गुगल कॅलेंडरमध्ये घालायला मोबाईलचं ॲप चालत नाही, कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून "यूआरएलवरून जोडा" करायचं. जोडल्यावर लगेच दिसत नाही, कधी कधी दिवसभर लागतो, तोवर परत परत जोडू नका, नाहीतर प्रत्येक सण तीन-तीनदा दिसेल. दुसऱ्या दिवशीही फोनवर आलं नाही तर ॲपच्या सेटिंगमध्ये त्या कॅलेंडरवर टिक आहे का बघा. फाइल डाउनलोड करून घालणार असाल तर आधी रिकामं नवीन कॅलेंडर बनवा आणि त्यात घाला, कारण मुख्य कॅलेंडरमध्ये घातलं आणि गाव चुकलं तर शंभर नोंदी एकेक करून पुसाव्या लागतात, वेगळं असलं की अख्खं एका झटक्यात उडवता येतं.

हिब्रूच्या जागी चौकोन दिसत असतील तर भाषा बदलून सेफार्दी उच्चार निवडा, मग शाबोसऐवजी शब्बात येईल, आपल्या कानाला तेच ओळखीचं. सणांची आपली मराठी नावं कुठेच मिळणार नाहीत, तेव्हा योम किप्पुर म्हणजे दरफाळणीचा सण, पुरीम म्हणजे होळीचा सण, तिशा बेआव म्हणजे बिरड्याचा सण हे घरातल्या पोरांना सांगून ठेवा, मी तर नोंदीत हातानेच लिहिते.

आत्या मोबाईल बघत नाही, तिला मी वर्षाचं पान प्रिंट करून पाठवते, ती ते कालनिर्णयच्या शेजारी खिळ्याला लावते. तिच्यासाठी गाव अलिबाग निवडायचं असतं, कोल्हापूर नाही, आणि प्रिंट काढायच्या आधी पानाच्या वर कुठलं गाव आलंय ते मी दोनदा बघते.