डाळिंब फुलात असताना या चुका टाळा

सांगोल्याकडं बागेत कळी निघाली की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. ताण दिला (पाणी तोडलं), पानगळ केली, पाणी सोडलं, आता सेटिंग, म्हणजे फुलाचं फळ, किती होणार? या घालमेलीत सगळ्यांत मोठी चूक होते ती ‘आधीच मारून ठेवू’ या फवारणीची. कीड दिसत नसते, तरी टाकी भरली जाते.

मीही भरली होती. भर फुलात, सकाळी नऊला, फुलकिड्यांसाठी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक. दुसऱ्या दिवशी बांधापलीकडच्या मधमाश्यांच्या पेट्यांपाशी गेलो. दारापुढच्या मातीत माश्यांचा सडा पडला होता. काही जागच्या जागी गोल फिरत होत्या, मेलेल्यांची सोंड बाहेर आलेली. पेट्या शेजाऱ्यानं भाड्यानं आणलेल्या. मी फवारणार हे त्याला सांगितलंच नव्हतं. तो मला एक शब्द बोलला नाही, ते अजून डाचतं.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. आजारी माणसाला औषध देताना थोडा धोका पत्करावा लागतो, कारण दुखणं समोर असतं. धडधाकट माणसाला द्यायचं तर पुरावा जास्त भक्कम हवा. पोलिओची लस सरसकट देण्याआधी १९५४ मध्ये अमेरिकेत लाखो मुलांना घेऊन चाचणी झाली, आणि त्यासाठी आईबापांची संमती घेतली होती. बागेत आपण निरोगी झाडाला औषध देतो आणि त्याची किंमत माशी मोजते, शेजारी मोजतो. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

म्हणून आधी बघा. पांढरा कागद धरून फूल त्यावर झटका. बारीक, लांबट फुलकिडे वळवळताना दिसतात. चार-दोन झाडांची फुलं झटकूनही काहीच पडलं नाही, तर टाकी भरू नका.

फुलगळ दिसली की लगेच रोग समजणं ही दुसरी चूक. डाळिंबाला दोन तऱ्हेची फुलं येतात. बुडाशी फुगीर, कळशीसारखं असतं त्याचं फळ होतं. घंटेसारखं, बुडाशी निमुळतं असतं ते नर फूल, ते गळणारच. खाली पडलेली ओंजळभर फुलं उचलून बघा. बहुतेक घंटेसारखी निघाली तर त्या गळीवर औषध नाही आणि ते लागतही नाही. कळशीसारखी फुलं गळत असतील तर पाणी, खत, कीड-रोग तपासा आणि सकाळी ऊन पडल्यावर दहा मिनिटं झाडापाशी उभे राहा. माशी फिरकत नसेल, तर परागीभवनाची अडचण असू शकते. कलिंगडात हे आणखी लवकर कळतं. तिथं मादी फूल एकच दिवस उमलतं आणि परागकण कमी पडले की फळ वाकडंतिकडं होतं.

‘संध्याकाळी मारलं की झालं’ हेही अर्धंच खरं. माश्या पेटीत परतल्यावर फवारलं तर थेट अंगावर पडणारं औषध टळतं. पण आंतरप्रवाही औषध झाडात भिनतं, मकरंदात आणि परागात उतरतं. युरोपीय संघानं २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, तो मधमाश्यांसाठीच.

प्रतिबंध नकोच, असं माझं म्हणणं नाही. तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी विश्रांतीच्या काळात बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारा, रोगट फांद्या छाटून बागेबाहेर जाळा. तेव्हा झाडावर फूल नसतं. तेल्यावर स्ट्रेप्टोमायसिन मारायची सवय मात्र मला अजिबात पटत नाही. ते माणसाच्या क्षयरोगावरचं औषध आहे. जिवाणूंना ते पचायला लागलं, तर पुढं बागेतही चालणार नाही.

पेट्या आणायच्या तर थोडी फुलं उमलल्यावर आणा. आधी आणल्या तर माश्यांना दुसऱ्या शिवाराची चटक लागते. सोलापूरच्या उन्हात पेटीवर सावली हवीच. जवळ पसरट भांड्यात पाणी ठेवा, त्यात खडे टाका, म्हणजे माशी बुडणार नाही. आणि फवारणं टळतच नसेल, तर आदल्या दिवशी चारी बांधांवरच्या शेजाऱ्यांना फोन करा. पेट्या हलवायच्या झाल्या तर त्या रात्रीच हलवता येतात, आणि त्याला माणसं जमवायला वेळ लागतो.