रांजणवाडी, गाठ आणि माझी पहिली मायनर ओटी

नेत्रविभागात पीजीला आलात की ब्लेड पहिल्यांदा हातात पडतं ते बहुधा पापणीच्या गाठीसाठी. मोतीबिंदूच्या टेबलाजवळ अजून कुणी बसू देत नाही, मग कॅलेझियन, म्हणजे पापणीतली न दुखणारी गाठ, घ्या. सीनियर सांगतात, "पाच मिनिटांचं काम." माझी पहिली केस पंचवीस मिनिटं चालली. त्यातली निम्मी क्लॅम्प, म्हणजे पापणी पकडून धरणारा चिमटा, बसवण्यात गेली.

ओपीडीत येणारा प्रत्येक जण "रांजणवाडी झालीय" म्हणूनच येतो. तुम्ही बोट लावून बघा. रांजणवाडी लाल असते, ठणकते, पापणीच्या केसाच्या मुळाशी पू धरते. कॅलेझियन सहसा ठणकत नाही. कडेपासून जरा आत, वाटाण्यासारखं टणक लागतं. पापणीत तेल स्रवणाऱ्या मायबोमियन ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. एखादीचं तोंड तुंबलं की तेल आतच पाझरतं आणि भोवती गाठ धरते. मुळात हा जंतूंचा आजार नव्हे, त्यामुळे सरसकट अँटिबायोटिक गोळ्या देऊन काही होत नाही. (पहिला महिनाभर मी त्या इमानेइतबारे लिहीत होतो.)

आधी शेक. दिवसातून तीन-चार वेळा, दहा-दहा मिनिटं, आणि नंतर पापणी कडेच्या दिशेने हलकेच चोळायची. चार ते सहा आठवड्यांत पुष्कळ गाठी जिरतात. पण नुसतं "शेक द्या" म्हणालात तर लोक तव्यावर तापवलेला रुमाल थेट डोळ्यावर ठेवतात. आधी मनगटावर लावून बघायला सांगा. आणि लवंग उगाळून लावली का, हेही विचारा. रागवायचं नाही, फक्त विचारायचं.

गाठ जिरली नाही, तर मायनर ओटी, म्हणजे छोटी शस्त्रक्रिया. डोळ्यात भुलीचा थेंब, मग पापणीत लिग्नोकेन या भुलीच्या औषधाचं इंजेक्शन. पेशंटला खरी दुखते ती ही सुईच, तेव्हा तसं आधीच सांगून टाका. क्लॅम्पची सपाट पट्टी कातडीकडे आणि कडी आतल्या बाजूला, गाठ कडीच्या मधोमध. स्क्रू घट्ट करून पापणी उलटवली की रक्त थांबतं आणि गाठ फुगून वर येते. अकरा नंबरच्या ब्लेडने आतून उभा छेद घ्यायचा. उभाच का? ग्रंथी उभ्या रांगेत असतात. आडवा काप घेतला तर शेजारच्या चार-पाच विनाकारण कापल्या जातात. पापणीच्या कडेच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे थांबायचं, नाहीतर कडेला खाच पडते. मग क्युरेटने, म्हणजे छोट्या चमच्यासारख्या हत्याराने, आतला जेलीसारखा माल खरवडून काढायचा. गाठ नाकाच्या बाजूला, अश्रुनलिकेच्या तोंडाजवळ असेल तर सीनियरला हाक मारा. तिथे धाडस नको.

क्लॅम्प काढला की रक्त येणारच. गॉजने पाच मिनिटं दाबून धरा, मलम घाला, पट्टी बांधा. सूज लगेच ओसरत नाही, हे घरच्यांनाही सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी "गाठ तशीच आहे" म्हणून सगळे दारात हजर.

माझा एक पेशंट टेबलावरून उठला आणि पांढराफटक पडला. धावपळ करून पाय वर केले, पाच मिनिटांत सावरला. संकष्टीचा उपास, सकाळपासून फक्त चहा! तेव्हापासून संमतीपत्रावर सही घेण्याआधी मी विचारतो, "काका, काय खाऊन आलात?"

हात बसायला आठ-दहा केसेस पुरल्या. नजर बसायला जास्त वेळ लागला. साठीच्या एक मावशी आल्या होत्या, त्याच जागी तिसऱ्यांदा गाठ. दोनदा बाहेर खरवडून झालं होतं. मी क्लॅम्प उघडून तयार, तेवढ्यात मॅडम मागून म्हणाल्या, "तिथले पापणीचे केस गेलेत, दिसत नाही का?" खरवडणं रद्द करून बायॉप्सी घेतली, म्हणजे तुकडा तपासणीला पाठवला. तेलग्रंथीचा कॅन्सर निघाला. तो कॅलेझियनचं सोंग घेऊन येतो हे मी परीक्षेत लिहिलंही होतं.

आता ट्रे लावतानाच मी तपासणीचा तुकडा ठेवायची फॉर्मेलिनची बाटली मागून घेतो. गाठ दुसऱ्यांदा आलेली असेल, तर बाटलीवर पेशंटचं नाव लिहूनच हातमोजे चढवतो.