व्हायरल गेला, धाप मात्र मागे राहिली: दमा ओळखा, आवरा आणि श्वास पुन्हा बसवा

ताप उतरून दोन आठवडे झाले, नाकही मोकळं झालं, तरी दुसरा मजला चढताना दम लागतो. पहाटे खोकल्याची उबळ येते, उदबत्तीच्या धुरानं ठसका लागतो. पावसाळ्यात आणि थंडीच्या तोंडावर ही तक्रार घरोघरी ऐकू येते. विषाणूनं श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला इजा केलेली असते. ते भरून यायला कित्येकदा सहा-आठ आठवडे लागतात आणि तोवर धूळ, गार हवा, फोडणीचा ठसका अशा साध्या गोष्टींनीही नलिका आकसतात. आधीपासून दमा असलेल्यांना हा त्रास जोरात होतो. काहींचा तोवर न कळलेला दमा याच वेळी पहिल्यांदा डोकं वर काढतो.

पण व्हायरलनंतरची प्रत्येक धाप दम्याची नसते, आणि इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. नलिका आकसल्या असतील तर पंप, म्हणजे इनहेलर, लागतो. श्वासाची लय बिघडली असेल किंवा अंथरुणावर पडून अंगातली ताकद गेली असेल, तर कितीही पंप मारला तरी छातीत धडधड आणि हाताला कंप यापलीकडे काही मिळत नाही.

कुठली धाप आहे ते आधी ठरवा

दम्याची धाप पहाटे आणि रात्री वाढते. श्वास सोडताना घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, छाती आवळल्यासारखी वाटते, आणि पंपानंतर पंधरा-वीस मिनिटांत स्पष्ट फरक पडतो. लय बिघडलेल्या श्वासाचं चित्र वेगळं असतं. श्वास ‘पूर्ण भरतच नाही’ असं वाटतं, सारखे उसासे आणि जांभया येतात, बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या येतात. झोपेत मात्र त्रास नसतो. निव्वळ अशक्तपणाची धाप श्रमानं लागते आणि बसल्यावर काही मिनिटांत उतरते. एकाच माणसात दोन्ही-तिन्ही असू शकतात, म्हणून अंदाजावर न राहता मोजलेलं बरं.

त्यासाठी पीक फ्लो मीटर घ्या, म्हणजे श्वास किती जोरानं सोडता येतो ते मोजणारी नळी. औषधाच्या मोठ्या दुकानात मिळतो आणि दमेकऱ्याच्या घरी थर्मामीटरइतकाच गरजेचा आहे. काटा शून्यावर आणा, उभे राहा, छाती भरून श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि एका झटक्यात जोरानं फुंका. लांब नको, जोरात. ओठांच्या कडेनं हवा निसटली किंवा जीभ नळीच्या तोंडाशी आली तर आकडा खोटा येतो. असं तीनदा करा आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहा, सरासरी नको. सकाळी पंप घेण्याआधी आणि संध्याकाळी, असं दोन आठवडे करा. सकाळचे आकडे सातत्यानं संध्याकाळपेक्षा बरेच खाली असतील, तर दम्याचा संशय बळावतो. डॉक्टरांनी सालब्युटामॉलचा, म्हणजे नलिका लगेच मोकळी करणारा, पंप दिलेला असेल तर धाप लागलेली असताना एकदा फुंका, पंप घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंका. आकडा 20 टक्क्यांहून जास्त चढला तर नलिका आकसल्याचा तो चांगला पुरावा आहे. काहीच हलला नाही तर पंप वाढवत बसू नका, दुसरं कारण शोधायला हवं.

वही डॉक्टरांकडे न्या. दवाखान्यातली फुंकून करायची तपासणी, स्पायरोमेट्री, त्या एका दिवसाचं चित्र दाखवते, आणि दमा असूनही त्या दिवशी ती नॉर्मल येऊ शकते. दोन आठवड्यांची वही त्यांच्यासमोर असेल तर निदान नेमकं होतं.

पंप: औषध छातीत जातंय का?

औषध वाढवण्याआधी पंप घेण्याची रीत तपासा. ‘पंप लागू पडत नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं औषध घशातच राहिलेलं असतं.

साध्या पंपाला स्पेसर, म्हणजे औषध साठवून धरणारी प्लास्टिकची पोकळ नळी, लावाच, मोठ्यांनीसुद्धा. पंप नीट हलवा, स्पेसरला जोडा, श्वास पूर्ण सोडा, ओठ मिटा. एकदाच दाबा आणि तीन ते पाच सेकंद घेत सावकाश श्वास ओढा. काही स्पेसर घाईनं ओढलं की शिट्टी वाजवतात, ती वाजली तर वेग कमी करा. मग दहा सेकंद श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या मिनिटानं, पंप पुन्हा हलवून. दोन पफ एकदम स्पेसरमध्ये भरले तर कण एकमेकांना आणि भिंतींना चिकटतात आणि औषध वाया जातं. लहान मुलांना मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवून एका पफमागे पाच-सहा साधे श्वास घेऊ द्या. रडणाऱ्या मुलाच्या छातीत औषध फार कमी जातं, तेव्हा आधी मांडीवर घेऊन शांत करा.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्यानं आतून पुसलात तर प्लास्टिकमध्ये स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

रोटाहेलरची, म्हणजे पावडर ओढायच्या उपकरणाची, रीत बरोबर उलटी. रोटाकॅपची (पावडरीच्या कॅप्सूलची) पारदर्शक बाजू खाली करून चौकोनी भोकात बसवा, तळ फिरवा म्हणजे कॅप्सूल दुभंगते. तोंड बाजूला करून श्वास सोडा, कारण रोटाहेलरमध्ये फुंकलं की ओलाव्यानं पावडरीच्या गुठळ्या होतात. मग जोरात आणि खोल ओढा. हळू ओढलं तर पावडर आतच राहते. धाप फार लागलेली असताना एवढ्या जोरानं ओढता येत नाही, म्हणून त्या वेळेसाठी घरात पंप आणि स्पेसर वेगळा हवाच.

स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते आणि आवाज बसतो. पंपात किती औषध उरलंय ते आकड्याच्या खिडकीत बघा. डबा पाण्यात तरंगतो का हे पाहण्याची युक्ती फसवी आहे.

नुसता निळा पंप पुरेसा नाही

निळ्या पंपातलं सालब्युटामॉल आकसलेली नलिका काही तासांसाठी मोकळी करतं, पण आतली सूज तशीच राहते. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून मोठ्यांना आणि किशोरांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये असं स्पष्ट केलं आहे. सूज उतरवणारं औषध, म्हणजे श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड, सोबत लागतंच. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला पंप डॉक्टर कित्येकदा रोजसाठी आणि अडचणीच्या वेळेसाठीही एकच देतात. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपोटी तो टाळून गोळ्या आणि सिरपवर राहणं हा तोट्याचा सौदा आहे. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती थेट छातीत जाते. गोळी आख्ख्या अंगात फिरते.

आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा आरामाचा (निळा) पंप लागला, किंवा दम्यानं रात्री जाग आली, तर दमा आटोक्यात नाही असं धरा आणि डॉक्टरांना भेटा. जोर वाढला तर ते स्टेरॉइडच्या गोळ्यांचा पाच-सात दिवसांचा कोर्स देतात. जुनी चिठ्ठी दाखवून तो स्वतःहून पुन्हा घेऊ नका. मधुमेह असेल तर त्या दिवसांत साखर चढते, ती मोजत राहा. विषाणूवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल बरी, कारण आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिननं काही दमेकऱ्यांना झटका येतो.

श्वासाची लय

टेबलावर कोपर टेकून पुढे झुका, खांदे सैल सोडा. दोन आकडे मोजत नाकानं श्वास घ्या, मेणबत्ती हलेल पण विझणार नाही इतक्या अलगद ओठांनी चार आकडे सोडा. जिना चढताना सोडता श्वास पायरी चढण्याच्या क्षणी ठेवा. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं, एक हात पोटावर आणि एक छातीवर ठेवून, नाकानं शांत श्वास घ्या. छातीवरचा हात जवळजवळ हलू नये. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास रोखून धरण्याचे प्रकार या आठवड्यांत नकोत. नलिका आधीच चिडलेल्या असताना जोरकस श्वासानं उबळच येते. वाफेनं नाक मोकळं होतं, आकसलेल्या नलिका उघडत नाहीत, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यानं मुलं भाजतात.

चालणं सपाटीवर, दहा मिनिटांपासून सुरू करा. चालताना आख्खं वाक्य बोलता यायला हवं. दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, निम्म्यावर या. गळाठा वारंवार येत असेल तर ताण वाढवूच नका, आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

घर

डासांची कॉइल, धूप आणि ऊद या दिवसांत बंद. फोडणी देताना खिडकी उघडी आणि पंखा बाहेर हवा फेकणारा. पावसाळ्यात ओल आलेल्या भिंतीला लागून पलंग नको. गॅलरीत कबुतरं बसत असतील तर जाळी लावा. त्यांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं फुप्फुसाचा एक वेगळाच आजार होतो आणि तो बराच काळ दमा समजून चालवला जातो.

वाट पाहायची नाही

वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पीक फ्लो नेहमीच्या निम्म्याखाली गेला, ऑक्सिमीटर 92 च्या खाली दाखवतो, मुलाच्या फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, किंवा घरघर एकाएकी थांबली पण माणूस थकलेला आहे, यातलं काहीही दिसलं तर ताठ बसवा. सालब्युटामॉल स्पेसरनं अर्ध्या-एक मिनिटाच्या अंतरानं एकेक पफ, दहापर्यंत द्या आणि त्याच वेळी 108 ला फोन करा. ऑक्सिमीटरचं बोट गरम असावं, नेलपॉलिश काढलेली असावी. पण आकडा चांगला असूनही माणूस घाबराघुबरा आणि घामाघूम असेल तर आकड्यावर विसंबू नका.

छातीत टोचणारी कळ, एकाच पोटरीला सूज, थुंकीतून रक्त, चक्कर येऊन पडणं, हे दम्याचं लक्षण नाही. रक्ताची गुठळी किंवा हृदयाचा त्रास असू शकतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, सोबत वजन उतरतंय किंवा संध्याकाळी कणकण येतेय, तर बेडक्याची क्षयरोगाची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

बरं वाटायला लागलं की रोजचा पंप आपणहून सोडू नका. दमा साधारण तीन महिने आटोक्यात राहिला की डॉक्टर मात्रा एकेक पायरीनं उतरवतात. फ्लूची लस दरवर्षी घ्या, शक्यतो पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत.