'ऑटम लीव्हज'वर सोलो घ्यायचाय? आधी कॉर्ड उलगडा

पुण्यात पेटी किंवा गाणं शिकून मग कीबोर्ड-गिटारकडे वळलेले बरेच जण आहेत, सवाई ऐकत वाढलेले, सुराचा कान पक्का, पण जॅझमध्ये तानपुरा नसतो आणि दर बारला (म्हणजे तालाच्या दर आवर्तनाला) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा सुरांचा गट, बदलते, तिथे ते अडतात. मग लोक स्केलं घोकत बसतात. नका घोकू, एक गाणं नीट सोडवा.

'ऑटम लीव्हज' घ्या, जोसेफ कोस्माची १९४५ ची चाल, ३२ बार, जी मायनरमध्ये. पहिले ८ बार लिहून काढा: सी मायनर सेव्हन, एफ सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन, ई फ्लॅट मेजर सेव्हन, ए हाफ डिमिनिश्ड, डी सेव्हन आणि मग दोन बार जी मायनर. पहिल्या तीन म्हणजे बी फ्लॅट मेजरचं टू-फाइव्ह-वन (स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या सुरावरच्या कॉर्ड ओळीने), शेवटच्या तीन म्हणजे जी मायनरचं, मधली ई फ्लॅट दोघांना जोडते. कॉर्ड सात पण मुक्काम दोनच!

आता खरी मजा. जी ला सा धरा आणि प्रत्येक कॉर्डमधला, तिच्या मूळ सुरापासून मोजलेला, तिसरा आणि सातवा सूर शोधा, कारण कॉर्डचा स्वभाव त्या दोघांतच असतो. सी मायनरचा तिसरा, एफचा सातवा, परत तिसरा, परत सातवा असं आलटून पालटून घेतलं की मिळतं ध ध प प म म ग (ध आणि ग कोमल). दुसरी ओळ ग रे रे सा सा, मग डी सेव्हनवर शुद्ध नी आणि जी मायनरवर कोमल नी. बाकी सगळं आसावरी थाटात बसतं, फक्त डी सेव्हनवर हा शुद्ध नी येतो आणि तेवढ्यापुरता किरवाणी राग होतो. तो सूर चुकवलात तर मायनरचं घर लागतच नाही, म्हणून तो मुद्दाम वाजवा.

या दोन ओळी आधी गळ्याने म्हणा, बॅकिंग ट्रॅक (साथीचं रेकॉर्डिंग) हळू लावून, मग वाजवा, आणि मगच त्यांच्या आजूबाजूला सूर भरा.

तिसऱ्या आठ बारांत आधी मायनरचं टू-फाइव्ह-वन येतं, मग मेजरचं, तेवढं लक्षात ठेवा. शेवटच्या आठ बारांत जी मायनर, सी सेव्हन, एफ मायनर, बी फ्लॅट सेव्हन दोन-दोन मात्रांत पळतात, तिथे स्केलचा विचार करायला वेळच नसतो, तेव्हा कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प एवढंच उतरा, प वरच ई फ्लॅट मेजर सेव्हन येऊन मिळते.