परसबागेतले जादा टोमॅटो: सॉस करताना आंबटपणा अंदाजाने धरू नका

टोमॅटोचं झाड दोन-अडीच महिने वाट पाहायला लावतं आणि मग एकदम ओंजळी रिकाम्या करतं. मर्यादित वाढीच्या, बुटक्या वाणांची बहुतेक फळं दोन-तीन आठवड्यांत पिकून उरकतात. रोज खाऊन, वाटूनही टोपली भरलेलीच राहते. अशा वेळी सॉस करणं हा चांगला मार्ग आहे, पण त्याची तयारी तोड्यापासूनच करावी लागते.

फळ झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत थांबायची गरज नाही. बुडाशी गुलाबी छटा दिसली की तोडा. घरात सावलीला एका थरात पसरून ठेवलेली अशी फळं चांगली पिकतात, आणि पावसाने तडकण्याचा किंवा पाखरांनी टोचण्याचा धोकाही टळतो. उन्हात मात्र ठेवू नका. तापमान 30 अंशांच्या वर गेलं की लाल रंग नीट धरत नाही, फळ पिवळट-केशरी राहतं. कच्चं फळ फ्रिजमध्येही नको. 10 अंशांखाली ते पिकायचं थांबतं आणि चव कायमची जाते.

निवडताना कडक राहा. जास्त पिकून लिबलिबीत झालेली, बुरशी लागलेली, रोगाने मेलेल्या किंवा हिमाने जळालेल्या झाडावरची फळं बरणीत टिकवायच्या सॉसला घेऊ नका. अशा फळांचा आंबटपणा उतरलेला असतो. बुडाशी काळा डाग पडलेल्या फळाचा चांगला भाग कापून त्याच दिवशीच्या स्वयंपाकात वापरा. ‘नाहीतरी उकळायचंच आहे’ म्हणून सडकी फळं पातेल्यात ढकलण्याची सवय मला अजिबात पटत नाही.

किती फळांतून किती सॉस निघेल, हे आधीच ध्यानात घ्या. टोमॅटोत 94-95 टक्के पाणीच असतं. 10 किलोतून पातळ सॉस चारेक लिटर आणि घट्ट सॉस तीन-सव्वातीन लिटर मिळतो. रोमा, सान मार्झानो अशा लांबट, गरदार वाणांना आटवायला कमी वेळ लागतो. रसाळ, गोल वाणांचाही सॉस होतो, फक्त चुलीपाशी जास्त उभं राहावं लागतं.

घरच्या सॉसबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे बरणीत खाली पाणी आणि वर गर. याचं मूळ कापण्याच्या पद्धतीत आहे. फळ चिरलं की त्यातली विकरं (एन्झाइम) जागी होतात आणि गराला बांधून ठेवणारं पेक्टिन तोडू लागतात. सगळे टोमॅटो चिरून तासभर परातीत ठेवले तर सॉस पाणचट होणारच. त्यावर उपाय असा: अर्धा किलो फळं झटपट चिरून गरम पातेल्यात टाका, डावाने चेचत मोठ्या आचेवर उकळी आणा. मग पुढची फळं चिरत थोडी थोडी घाला, उकळी मोडू देऊ नका. 85 अंशांच्या वर ही विकरं निकामी होतात. सगळं पडल्यावर आणखी पाच मिनिटं उकळा आणि पुरणयंत्रातून किंवा जाड चाळणीतून दाबून गाळा. साल आणि बिया मागे राहतात, त्यामुळे आधी सोलत बसायची गरज उरत नाही. बियांभोवतीचा चिकट गर टाकू नका. टोमॅटोची खरी चव त्यातच जास्त असते. तोही चांगला दाबून काढा.

तोडा एकदम मोठा नसेल, रोज किलो-दोन किलोच येत असेल, तर दुसरा रस्ता आहे आणि मला तो अधिक सोयीचा वाटतो. धुऊन, कोरडी करून, देठ काढलेली फळं अख्खीच पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाकत जा. पुरेशी साठली की बाहेर काढा. थोडी सैल झाली की साल नुसत्या बोटाने निघते. पूर्ण वितळल्यावर पिवळसर पाणी आपोआप सुटतं, ते चाळणीतून निथळू द्या. तेवढं पाणी आटवायचं वाचतं. ते पाणी फेकू नका, सारात घाला. पहिल्या वर्षी हे न कळल्याने मी आठवड्याचा सगळा तोडा एकाच पातेल्यात घातला होता. चार तास ढवळूनही शेवटी बूड करपलं आणि त्या वासाने सगळाच सॉस वाया गेला.

आटवायला जाड बुडाचं, पसरट स्टीलचं पातेलं घ्या. अॅल्युमिनियम, तांबं, लोखंड आंबटाशी भिडतं. रंग आणि चव दोन्ही बिघडतात. सुरुवातीला आच मोठी चालते. सॉस दाटू लागून फटफट उडायला लागला की मंद करा आणि बुडापासून ढवळत राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टोमॅटो जिभेला आंबट लागतो म्हणून तो टिकवायला पुरेसा आंबट आहे, असं समजू नका. सामू म्हणजे pH, आंबटपणाचं माप; तो जितका जास्त तितका आंबटपणा कमी. तो 4.6 च्या वर गेला तर बंद बरणीत, हवेविना, बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात. त्यांचं विष जीवघेणं असतं आणि ते चवीने, वासाने ओळखू येईलच असं नाही. टोमॅटोचा सामू नेमका या रेषेच्या आसपास फिरतो. वाणानुसार, पिकण्यानुसार तो रेषेपलीकडेही जातो. म्हणून आम्ल प्रत्येक बरणीत वेगळं मोजून घालायचं. अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव छोटा चमचा लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अॅसिड, किंवा बाटलीबंद लिंबाचा रस एक मोठा चमचा (15 मिली). लिटरच्या बरणीला दुप्पट. ताज्या लिंबाचा आंबटपणा कमीजास्त असतो, इथे तो नको. 5 टक्क्यांचं व्हिनेगर चालतं, पण लिंबाच्या रसाच्या दुप्पट लागतं आणि चव बदलते. फार आंबट वाटलं तर चिमूटभर साखर घाला, तिने सामू बदलत नाही. खायचा सोडा मात्र चुकूनही नको, तो आम्लच मारून टाकतो.

कांदा, लसूण, मिरची, तेल घातलेला सॉस या पद्धतीने बरणीत टिकवू नका. या वस्तू आंबट नसतात, त्यामुळे हिशेब चुकतो. तसा सॉस फ्रीझरमध्ये ठेवा. बरणीत साधा सॉस भरा आणि फोडणी वापरायच्या दिवशी द्या.

बरण्या गरम पाण्यात ठेवून तापवा, म्हणजे उकळता सॉस ओतताना काच तडकणार नाही. वर सव्वा सेंटिमीटर जागा सोडा, हवेचे बुडबुडे काढा, कडा स्वच्छ पुसा, मग झाकण लावा. तळाशी जाळी ठेवलेल्या मोठ्या भांड्यात बरण्या झाकणांवर दोन-तीन सेंटिमीटर पाणी येईल अशा बुडवा. खळखळ उकळी आल्यावरच वेळ मोजायला लागा. समुद्रसपाटीपासून 300 मीटरपर्यंत अर्ध्या लिटरला 35 मिनिटं, लिटरला 40. त्यावर 900 मीटरपर्यंत 5 मिनिटं जास्त, 1800 मीटरपर्यंत 10, त्याहून उंचावर 15. कारण उंचीवर पाणी कमी तापमानालाच उकळतं. गरम सॉस भरून बरणी उलटी ठेवली की झालं, असं अनेकजण करतात. तेवढ्यावर विसंबू नका.

बारा ते चोवीस तासांनी झाकण मधोमध दाबून पाहा. ते टकटक वाजलं किंवा वरखाली झालं तर ती बरणी सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि आधी संपवा. बाकीच्यांवर तारीख लिहून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. वर्षभरात वापरा. उघडलेली बरणी फ्रिजमध्ये आठवडाभर. झाकण फुगलेलं असेल, उघडताना फस्सकन फेस आला असेल, तर चाखून बघायला जाऊ नका. बरणीसकट टाका, जनावरांनाही घालू नका.

एवढी उस्तवार नको असेल तर फ्रीझर आहेच. सॉस गार करून डब्यात भरा, गोठताना फुगतो म्हणून वर बोटभर जागा ठेवा, आणि सहा-आठ महिने निर्धास्त राहा. सपाट पिशव्यांत भरून आडव्या गोठवल्या तर जागाही कमी लागते. चाळणीतली साल-बिया कंपोस्टला जातील. उकळल्यामुळे त्या बिया उगवत नाहीत.