पहिली एआर-१५ घेताना बॅरल कोणतं?

अमेरिकेत पहिली एआर-१५ रायफल घेताय? मग १६ इंची बॅरल (नळी), मिड-लेंथ गॅस (बॅरलमधला गॅस मागे नेऊन बोल्ट हलवणारी मध्यम लांबीची यंत्रणा) आणि ५.५६ चेंबर (काडतूस बसतं ती जागा). १६ इंचांहून आखूड बॅरलला १९३४च्या कायद्याखाली आधी नोंदणी लागते. पहिल्याच रायफलला ही कटकट कशाला? मिड-लेंथ का? त्याहून आखूड अशा कार्बाइन गॅसमध्ये गॅस बाहेर घेणारं बॅरलचं छिद्र चेंबरच्या जवळ असतं, तिथे दाब जास्त, त्यामुळे बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) जोरात मागे येतो आणि धक्का वाढतो. ५.५६ चेंबरमध्ये पॉइंट २२३ काडतूस बिनधास्त चालतं. उलटं, म्हणजे पॉइंट २२३ चेंबरमध्ये ५.५६ काडतूस, मात्र करू नका, दाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. ट्विस्ट (बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ) १:८, म्हणजे ८ इंचांत एक पूर्ण फेरा, घेतलात की ५५पासून ७७ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) पर्यंतच्या गोळ्या नीट स्थिरावतात. जाड बॅरलचा मोह टाळा. उभ्याने नेम धरला की पुढचा हात लगेच भरून येतो.