रस्त्याचे खड्डे आणि शेजारचे घोडे: ग्रामपंचायतीत दोन्ही तक्रारी मार्गी कशा लावायच्या

अलिबाग-मुरूडकडे बीचवर घोडे फिरवणारे आहेत, घाटावर वरातीचे घोडे सांभाळणारे आहेत, सारंगखेड्याच्या बाजारातून हौसेने घोडी आणणारे पण आहेत, त्यामुळे बऱ्याच ग्रामपंचायतींकडे हा ठरलेला अर्ज येतोच की घोड्यांमुळे रस्ता खराब झाला, लीद पडते, वास येतो, घोडे बंद करा. मग अर्ज फाईलला लागतो, दोन घरांचं बोलणं बंद होतं आणि रस्ता आहे तसाच राहतो. तुम्ही तक्रार करणारे असा नाहीतर नवीनच निवडून आलेले मेंबर, पुढच्या क्रमाने गेलात तर निदान काम कुठे अडलंय ते तरी कळेल.

१. एका अर्जाचे दोन अर्ज करा

रस्त्याचा वेगळा, घोड्यांचा वेगळा. रस्त्याला पैसे लागतात, घोड्यांना नियम लागतात, दोन्ही एका कागदावर लिहिलं की मीटिंगमध्ये सगळे घोड्यांवरच भांडतात आणि रस्ता राहून जातो. अर्जात "गावातले रस्ते खराब आहेत" असं मोघम नको, "मारुती मंदिर ते स्मशानभूमी" असं नेमकं लिहा, फोटो जोडा आणि आवक नंबर टाकून पोच घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे अर्ज नव्हे, त्यावर फक्त अंगठे येतात.

२. रस्ता नक्की कोणाचा ते बघा

ग्रामसेवकांकडे (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेबच) नमुना २३ मागा, त्यात ग्रामपंचायतीच्या रस्त्यांची नोंद असते. त्यात रस्ता नसेल तर ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग साधारण जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. प्रधानमंत्री किंवा मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेतून झालेला असेल तर आधी कडेचा बोर्ड वाचा, कारण काम पूर्ण झाल्यावर पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते आणि ती मुदत चालू असताना ग्रामपंचायतीने स्वतःचे पैसे घालायचं काही कारण नाही. शेताकडे जाणारी पाणंद कोणी अडवली असेल तर तो विषय तहसीलदारांचा, मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अर्ज करायचा.

३. पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी पाहणी करा

ही पायरी कोणी करत नाही आणि सगळं भांडण तर इथेच मिटतं. सरपंच, तक्रारदार, घोडेवाला, जमलं तर जिल्हा परिषदेचे शाखा अभियंता, सगळ्यांनी मिळून रस्ता चालत जा. जिथे मुरूम घट्ट आहे आणि पाणी वाहून गेलंय तिथे टापांचे नुसते ओरखडे दिसतील, आणि जिथे पाणी साचलंय तिथे त्याच घोड्याची टाप खोल रुतलेली असेल, त्यात पाणी भरलेलं, शेजारी ट्रॅक्टरच्या चाकाचा त्याहून मोठा चर. म्हणजे कच्च्या रस्त्याचं वाटोळं मुळात पाण्याने होतं, नाल ठोकलेली टाप आणि ट्रॅक्टर ते फक्त लवकर उरकतात. घोडे उद्या हलवले तरी गटार तुंबलेलंच असेल तर पुढच्या पावसात खड्डे परत हजर.

४. पैशाची जागा शोधा

वित्त आयोगाच्या निधीत बंधित (ठरलेल्या कामालाच वापरायचा) आणि अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा) असा भेद असतो. १५व्या वित्त आयोगात (२०२१ ते २६) ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता आणि ४० टक्के अबंधित, रस्ता बसवायचा तर अबंधितमध्ये. त्यासाठी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलेलं पाहिजे, म्हणून आराखड्याच्या ग्रामसभेला जाऊन बसा, नंतर ओरडून उपयोग नाही. मोठं काम असेल तर आमदारांमार्फत २५१५ च्या लेखाशीर्षातून, म्हणजे ग्रामविकास विभागाच्या गावातल्या कामांच्या निधीतून, मागणी टाकतात. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर घरबसल्या बघता येतो, तिथे तुमचा रस्ता आधीच "पूर्ण" दिसला तर एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिकेची नक्कल माहितीच्या अधिकारात मागवा.

५. डागडुजी नीट करून घ्या

काम पावसाळ्याआधी. भर पावसात खड्ड्यात ओतलेला मुरूम म्हणजे चिखलच, तरी दर वर्षी कोणीतरी ओततंच. आधी बाजूच्या चाऱ्या साफ करा, मग खड्ड्यातलं पाणी-गाळ काढून कडा सरळ उभ्या कापा, पातळ थर टाकत प्रत्येक थर पाणी मारून दाबा. रस्ता मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरता हवा, तीन मीटर रुंदीच्या मुरमाच्या रस्त्याला मधोमध साधारण ६ सेंमी उंची पुरते. मुरूम कुठूनही उचलू नका, गौण खनिज आहे, तहसील ऑफिसची परवानगी लागते. आणि पेव्हर ब्लॉकची घाई नको, माथेरानला ब्लॉकवर घोडे घसरतात अशी घोडेवाल्यांची तक्रार होती आणि पेव्हर ब्लॉकचा तो वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

६. आता घोडे

"घोडे बंद करा" असा ठराव करू नका, कोणाचं पोट त्यावर असतं आणि असा ठराव टिकायला पण अवघड. तक्रार फोडून घ्या. वास आणि माश्या हा एक मुद्दा, रस्त्यावरची लीद दुसरा, मोकाट सुटलेला घोडा तिसरा, आजाराची भीती चौथा.

एक घोडा दिवसाला १५ ते २५ किलो लीद टाकतो, चार घोडे असले तर हिशोब तुम्हीच करा, मग समोरच्या काकू स्वयंपाकघराची खिडकी वर्षभर बंद का ठेवतात ते कळेल. उन्हाळ्यात माशीच्या अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे लीद आठवड्यातून किमान दोनदा उचलून झाकलेल्या खड्ड्यात गेलीच पाहिजे. खड्डा विहिरीपासून लांब असावा. कुजलेली लीद उत्तम खत आहे, वाडीवाले मागून नेतात. चार-पाच घोडेवाले असतील तर सामायिक खतखड्डा घनकचऱ्याच्या कामात बसतो का ते भाऊसाहेबांना विचारा.

मग मासिक सभेत किंवा ग्रामसभेत ठराव घ्या: घोडे न्यायचा रस्ता कोणता, शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी तिथून नाही, रस्त्यावर पडलेली लीद मालकाने त्याच दिवशी उचलायची, रात्री नेताना रिफ्लेक्टरचा पट्टा. घोडेवाल्याला सभेला बोलवा आणि त्याच्या तोंडून वेळा ठरवून घ्या, लादलेल्या वेळा तो पाळणार नाही.

मोकाट घोड्याने कोणाचा वाल नाहीतर पावटा खाल्ला तर १८७१ च्या गुरे अतिचार कायद्यात घोडे पण येतात, कोंडवाड्यात घालता येतात. फक्त गावचा कोंडवाडा अजून उभा आहे का, की त्यात सिमेंटच्या गोण्या ठेवल्यात, ते आधी बघा. आजाराचं म्हणाल तर नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर न भरणाऱ्या गाठी-जखमा दिसल्या की पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा, ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग असू शकतो, तो माणसालाही होतो, आणि रक्ताचा नमुना तपासूनच ते ठरतं, पारावरच्या चर्चेने नाही.

७. तरीही ऐकत नसेल तर

आधी तंटामुक्त समिती, दोघांना समोरासमोर बसवून लेखी समझोता. तेही फसलं तर सार्वजनिक उपद्रवासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा तहसीलदारांकडे, अर्ज करता येतो. घोडा निष्काळजीपणे मोकळा सोडल्यामुळे कोणाला इजा झाली तर पोलीस स्टेशन, तिथे ग्रामपंचायतीची वाट बघत बसू नका.

ग्रामसभेची गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) म्हणजे १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते, तेव्हा आपल्या वाडीतली माणसं घेऊन जा. ठरावाला सूचक-अनुमोदक आधीच ठरवून ठेवा आणि प्रोसिडिंगवर (सभेच्या इतिवृत्तात) ठराव नीट उतरलाय का ते तिथेच वाचून घ्या, सह्या झाल्यावर दुरुस्ती करणं जीवावर येतं. नक्कल मागितली की "पुढच्या आठवड्यात या" म्हणतील, तर अर्ज देऊन पोच घ्या.